ल मॉर्नचा वारा : पंचवीस वर्षांचा मागोवा

मॉरिशसच्या नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा प्रचंड कातळ समुद्रात घुसलेला आहे. उंची ५५६ मीटर. पायथ्याशी सुरूचं बन, पुढे पांढरी वाळू, मग कमरेएवढ्या पाण्याचं लगून, आणि लगूनच्या कडेला प्रवाळाची भिंत. दक्षिण महासागरातून हजारो किलोमीटर चालत आलेल्या लाटा या भिंतीवर फुटतात. काइटसर्फिंग करणाऱ्यांच्या जगात हा किनारा गेली पंचवीसेक वर्षं पहिल्या फळीत आहे. जुनी मंडळी भेटली की हमखास एक वाक्य ऐकू येतं : पूर्वीसारखा वारा राहिला नाही. मला ते पटत नाही. वारा बऱ्या-वाईट हंगामांसह आपल्या जागी आहे. बदललं ते त्याच्याखालचं पाणी, आणि त्या पाण्यावर उतरणारी माणसं.

आधी वाऱ्याबद्दल, कारण त्याचं आपल्याशी थेट नातं आहे. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला वीस अंशांवर आहे. त्याच्याही दक्षिणेला, तीस अंशांच्या आसपास, हिंदी महासागरावर उच्चदाबाचं एक मोठं क्षेत्र असतं. त्याला मस्कारेन उच्चदाब म्हणतात. जून ते सप्टेंबर, म्हणजे तिथला हिवाळा आणि आपला पावसाळा, या काळात ते सर्वांत बलवान असतं. त्याच्या उत्तर कडेने जे आग्नेय व्यापारी वारे वाहतात, तेच ल मॉर्नला काइट उचलतात. पुढे हे वारे विषुववृत्त ओलांडतात, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन कोकणावर येऊन आदळतात. जुलैत रत्नागिरीला धो धो पाऊस पडत असतो तेव्हा ल मॉर्नच्या लगूनवर काइटची गर्दी असते, आणि दोन्हींच्या मागे हा एकच उच्चदाब उभा असतो.

हंगाम चांगला असेल तर १५ ते २५ नॉटचा वारा दिवसचे दिवस वाहतो, कधी त्याहून जोरात. पण सलग नाही. दक्षिणेकडून थंड हवेची आघाडी सरकत गेली की उच्चदाब पूर्वेला ढकलला जातो, वारा पडतो, दिशा बदलतो, पाऊस शिंपडतो. एक-दोन दिवसांनी मागून नवा उच्चदाब येतो आणि आग्नेय वारा पुन्हा दणक्यात सुरू होतो. ज्या वादळी प्रणालीने वारा पाडला, तिनेच उठवलेली लाट याच सुमारास प्रवाळभिंतीशी पोहोचते. लाटेवर काइट चालवणारे याच मुहूर्ताची वाट बघत असतात. ज्याने हे चक्र समजून घेतलं, त्याला ल मॉर्नने क्वचितच निराश केलं असेल.

डोंगराचाही यात मोठा वाटा आहे. वारा आग्नेयेकडून असला की कातळाला वळसा घालताना तो दाटतो आणि टोकापाशी त्याचा वेग वाढतो. बेटाच्या इतर भागात बेताचा वारा असतो तेव्हाही इथे काम भागतं. तोच वारा पूर्वेकडे सरकला की किनारा डोंगराच्या आडोशाला येतो. मग एक झोत, एक पोकळी, पुन्हा झोत, आणि काइट आकाशातून दगडासारखा पडतो. ‘वारा बिघडला’ म्हणणाऱ्यांचे निम्मे दिवस तरी असे पूर्वेच्या वाऱ्याचे असावेत. उरलेले बहुधा डिसेंबर-जानेवारीचे. नाताळच्या सुट्टीत यायचं आणि जुलैचा वारा मागायचा, हे जमणार नाही. तो काळ मंद वाऱ्याचा आणि चक्रीवादळांचा. जानेवारी २००२ मध्ये ‘दिना’, फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘बत्सिराई’, फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘फ्रेडी’, जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ : तिथल्या उन्हाळ्याचा इतिहास या नावांनी लिहिला जातो.

हा खेळ इथे रुजला त्याला कारण साधनांत झालेली सुधारणा. हवा भरून फुगवायच्या, पाण्यात पडला तरी पुन्हा उचलता येणाऱ्या काइटचं पेटंट ब्रुनो आणि डॉमिनिक लगेन्यू या फ्रेंच भावांनी १९८४ मध्ये घेतलं. ‘विपिका’ नावाने ते काइट बाजारात आले १९९७ मध्ये. ल मॉर्नला तेव्हा विंडसर्फिंगवाल्यांचं राज्य होतं. सुरुवातीचे काइट दांडगे होते. काइट हाताळायचा बार पुढे ढकलला तरी ओढ पूर्ण जात नसे, आणि जोराच्या झोतात माणूस वाळूवरून फरफटत जाई. २००५ च्या सुमारास बो काइट आले, आणि बार सोडताक्षणी ओढ जवळजवळ संपू लागली. माझ्या मते ल मॉर्नच्या पंचवीस वर्षांतला सर्वांत मोठा बदल हाच. जो खेळ धाडसी तरुणांपुरता होता तो पन्नाशीतला माणूसही शिकू लागला, आणि शिकायला असं उथळ, सपाट, वाळूच्या तळाचं लगून जगात फार थोड्या ठिकाणी आहे. शाळा वाढल्या. सकाळी दहानंतर पाण्यावर ताणलेल्या दोऱ्यांचं जाळं दिसू लागलं. आता फॉइल लावलेले बोर्ड आल्यापासून १० नॉटच्या वाऱ्यातही लोक पाण्यावर असतात, त्यामुळे गर्दीला हंगामही उरलेला नाही.

लगूनबाहेरची गोष्ट वेगळी. प्रवाळभिंतीवरच्या ‘वन आय’ लाटेला ते नाव पडलं, कारण नेमक्या जागी उभं राहिलं की कातळातलं डोळ्यासारखं भोक दिसतं. ही डावीकडे वळत जाणारी वेगवान लाट उथळ प्रवाळावर फुटते, आणि चुकलं तर अंग सोलून निघतं. प्रवाळभिंतीत इथे एक खिंड आहे; तिच्या पलीकडे ‘मनावा’ ही लाट, जास्त मोकळी आणि मोठी. या खिंडीतून लगूनचं पाणी समुद्राकडे ओढलं जातं. लाटांनी भिंतीवरून आत लोटलेलं सगळं पाणी इथूनच परत जातं, त्यामुळे लाट जितकी मोठी तितका प्रवाह जोराचा. वारा पडला, दोरी तुटली, काइट फुटला, की माणूस सरळ खुल्या समुद्राकडे. साधनं कितीही सुधारली तरी हा धोका कमी झालेला नाही, आणि साधनांवर भरवसा वाढल्याने नवखे लोक तिकडे लवकर जाऊ लागलेत, ही मला खरी काळजीची बाब वाटते.

पाण्याखाली काय झालं, ते किनाऱ्यावरून दिसत नाही. मॉरिशसभोवती सुमारे १५० किलोमीटरची प्रवाळभिंत आहे. ती आहे म्हणून लगून शांत आहे. पूर्वी या लगूनमधून बांधकामासाठी वाळू उपसली जाई. २००१ मध्ये तो उपसा थांबवला गेला. आपल्या खाड्यांमधला वाळूउपसा पाहणाऱ्याला त्या निर्णयाची किंमत सांगायला नको. पण पाणी तापण्यावर बंदी घालता येत नाही. १९९८ मध्ये हिंदी महासागरभर प्रवाळ पांढरे पडून मेले तेव्हा मॉरिशस बऱ्यापैकी वाचला. त्या फेब्रुवारीत आलेल्या ‘ॲनासेल’ चक्रीवादळाच्या ढगांनी आणि पावसाने पाणी थंड ठेवलं. २०१६ मध्ये तशी कृपा झाली नाही. प्रवाळ खचत गेला तर भिंत लाट अडवणार नाही, आणि मग वारा कितीही उत्तम असला तरी शिकाऊ माणसाला उभं राहायला लगून उरणार नाही.

२५ जुलै २०२० ला ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावर पॉइंट देस्नीच्या प्रवाळावर चढलं. ६ ऑगस्टपासून त्यातून सुमारे हजार टन तेल समुद्रात गेलं. पॉइंट देस्नी ही सुद्धा काइटची जागा. आग्नेय वाऱ्याने तेल माहेबूर गावाच्या दिशेला लोटलं आणि ल मॉर्न वाचलं. ज्या वाऱ्यावर आम्ही जीव टाकतो, त्याने त्या दिवसांत एका किनाऱ्याचं मरण दुसऱ्याच्या वाट्याला दिलं. बेटावरची माणसं उसाची चिपाडं-पाचट कापडात भरून तेल अडवायचे लांबलचक बांध शिवत होती, स्वतःचे केस कापून देत होती. सरकारी आदेशाची वाट न बघता शाळकरी मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे चिखलात उतरले होते. या पंचवीस वर्षांत त्या बेटाबद्दल सर्वांत जास्त आदर मला तेव्हा वाटला. कोविडमुळे देशाच्या सीमा मार्च २०२० पासून बंद होत्या, त्या पूर्ण उघडल्या १ ऑक्टोबर २०२१ ला. परदेशी पाहुण्यांसाठी वाऱ्याचे दोन हंगाम वाया गेले. स्थानिक काइटवाल्यांना मात्र आपलं लगून आपल्यापुरतं मिळालं.

कातळाबद्दल सांगितल्याशिवाय हा मागोवा पुरा होत नाही. पळून आलेले गुलाम ल मॉर्नच्या कडेकपारींत लपून राहत. १८३५ मध्ये गुलामगिरी संपल्याची बातमी घेऊन शिपाई वर गेले, ते पकडायलाच आले असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी तिथली परंपरागत कथा आहे. १ फेब्रुवारीला दर वर्षी तिथे स्मरण होतं. २००८ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा म्हटलं, आणि माझ्या दृष्टीने किनाऱ्याच्या भल्यासाठी याहून महत्त्वाचं काही घडलं नाही. हॉटेलं आजूबाजूला आहेतच, पण कातळ आणि त्याचा उतार मोकळा राहिला.

गुलामगिरी संपत असतानाच कंत्राटी मजुरांची जहाजं सुरू झाली, आणि त्यांतून आपल्या मुंबई इलाख्यातली, विशेषतः कोकणातली माणसंही या बेटावर उतरली. त्यांच्या वंशजांनी मराठी, गणपती आणि आपल्या जाखडीची बहीण शोभणारी ‘झाकरी’ टिकवली आहे. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. भाद्रपद म्हणजे तिथला ऐन वाऱ्याचा काळ. विसर्जनाला निघालेल्या मंडळींच्या अंगावर येतो तो वाराही आग्नेयच.

आता महाराष्ट्रातूनही लोक तिथे शिकायला जाऊ लागले आहेत. गोव्यात मोर्जी-आश्वेला हिवाळा-उन्हाळ्यात दुपारचा खारा वारा सुरुवातीला पुरतो, पण जोराचा, सलग वारा हवा तर दूर जावंच लागतं. जाणार असाल तर जून ते सप्टेंबरमध्ये जा आणि पूर्वेच्या वाऱ्याच्या दिवशी काइट गुंडाळून ठेवा. स्थानिक माणूस बरोबर नसेल तर खिंडीकडे फिरकू नका. १ फेब्रुवारीला तिथे असाल तर त्या दिवशी पाण्यावर न जाता स्मरणाला उभे राहा. आणि लगूनमध्ये पडलात तर वाळू नीट दिसल्याशिवाय पाय टेकू नका. अंग पाण्यात आडवं ठेवून काइटच्या ओढीने बाहेर या. खाली जो प्रवाळ आहे, तो तुमच्या पायाखाली मोडला तर परत वाढायला कित्येक वर्षं घेतो.