भाऊ दाजी लाड संग्रहालय (वास्तुसंवर्धन)

मुंबईतील भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानातील (राणीची बाग) जुनी वास्तू. संग्रहालय १८७२ मध्ये व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांच्या नावे खुले झाले. १९७५ मध्ये त्यास, त्याच्या उभारणीसाठी झटलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. बाह्यरूप पॅलाडिओच्या परंपरेतील, तर अंतर्भागात ओतीव लोखंडाचे खांब, मिंटन फरशा व सोनेरी नक्षी. कालांतराने वास्तू जीर्ण झाली. २००३ मध्ये महानगरपालिका, इंटॅक व जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार होऊन वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या मार्गदर्शनाखाली संवर्धनास आरंभ झाला. अशा कामी नवा रंग चढविणे सोपे, जुना शोधणे अवघड. वरचे थर एकेक करून खरवडावे लागतात. घाईने मूळ थरच निघाल्यास तो पुन्हा मिळत नाही. छतावरील साच्याची नक्षी व सोन्याचा मुलामा यांना येथे पूर्वरूप देण्यात आले. यूनेस्कोने २००५ मध्ये या कामाचा गौरव केला; २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले.

याच परिसरात सांधकामाचा आणखी जुना नमुना आहे. घारापुरीचा पाषाणहत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना भंगला. त्याचे तुकडे या उद्यानात आणून १९१४ मध्ये जोडण्यात आले.