दहाच्या जागी पाच

दोन हजार रुपयांच्या वर यूपीआय केलं की जीएसटी कापणार, ही बातमी एप्रिल 2025 मध्ये देशभर फिरली. सोलापुरात लग्नाच्या आहेरासाठी चादरी-टॉवेल घेतले तरी बिल सहज दोन हजारांच्या पुढे जातं, तेव्हा धास्ती वाटणारच. 18 एप्रिलला अर्थ मंत्रालयाने खुलासा केला: असा कोणताही प्रस्ताव नाही. जीएसटी लागला असता तो सेवेच्या शुल्कावर, आणि दुकानात यूपीआयने पैसे देण्यावरचं ते शुल्क जानेवारी 2020 पासून काढूनच टाकलेलं. शुल्कच नाही, तर कर कशावर बसवणार?

पण हा दोन हजारांचा आकडा आकाशातून पडलेला नाही. मार्च 2023 मध्ये 1.1 टक्क्यापर्यंतचं एक शुल्क खरोखर जाहीर झालं होतं. ते होतं वॉलेटमधून दुकानदाराला दिलेल्या दोन हजारांवरच्या रकमेसाठी, आणि गिऱ्हाइकाला त्याची झळ नव्हतीच. निरोप पुढे सरकत गेला तसा वॉलेटचा उल्लेख गळाला, आकडा तेवढा टिकला. अफवेच्या पोटात खऱ्याचा असा एखादा दाणा असतो, आणि मला त्याचंच सगळ्यात नवल वाटतं. व्हॉट्सॲपला पैसे पडणार म्हणून घाबरवणाऱ्या निरोपातही तो होता. व्हॉट्सॲप एके काळी खरंच वर्षाला सुमारे एक डॉलर घेई. जानेवारी 2016 मध्ये ते बंद झालं, निरोप मात्र फिरतच राहिला.

अमेरिकेत 1999 साली तर हा दाणाही नव्हता. ‘602 पी’ नावाचं विधेयक येतंय, प्रत्येक ईमेलमागे पाच सेंट द्यावे लागणार, असा ईमेल पसरला. विधेयक नव्हतं, ते मांडणारा खासदारही नव्हता. तरी ऑक्टोबर 2000 मध्ये सिनेटच्या निवडणुकीतल्या जाहीर वादसभेत हिलरी क्लिंटन आणि रिक लाझिओ या उमेदवारांना त्यावर प्रश्न विचारला गेला, आणि दोघांनीही त्या नसलेल्या विधेयकाला विरोध केला!

एवढी ताकद येते कुठून? ‘दहा जणांना पाठवा’ या शेपटातून. प्रत्येकाने ऐकलं आणि दर वेळी नवी माणसं मिळाली, तर दहाव्या टप्प्याला हजार कोटी लोक लागतील. पृथ्वीवर तेवढी माणसंच नाहीत. आता दहाच्या जागी पाच धरा. दहाव्या टप्प्याला आकडा येतो सुमारे 98 लाख. कात्री निम्म्याची, फरक हजारपटीचा!

निरोप पुढे पाठवण्यावर अशी पाचाची मर्यादा भारतात खरोखर आली, ती रक्त सांडल्यावर. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. त्यातले बहुतेक आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातले, नाथपंथी डवरी गोसावी. देशभर असे बळी जात होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल, असं जाहीर केलं.

पाच किंवा अधिक हातांतून आलेल्या निरोपावर दुहेरी बाण दिसतो, आणि एप्रिल 2020 पासून असा निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. एकाला एकाने कितीही वेळा गुणा, उत्तर एकच राहतं.