माणसांच्या नावांआड दडलेले अवयव

गुप्तांगांचा उल्लेख टाळण्यासाठी बहुतेक भाषा आडवळणाने जातात. इंग्रजी बोलीने त्यासाठी थेट माणसांची नावे घेतली: डिक, विली, पीटर, जॉन थॉमस, फॅनी. ही सगळी घरोघरची नावे आहेत. असे नाव चारचौघांत उच्चारले तरी कुणाचे कान टवकारत नाहीत. शिवाय नाव मिळाले की तो अवयव स्वतःच्या मर्जीने वागणारा वेगळा इसम ठरतो, आणि लाज त्याच्यावर ढकलता येते.

यांत डिकचा प्रवास मोठा रंजक आहे. रिचर्ड हे नाव इंग्लंडमध्ये रुजले ते १०६६ नंतर, नॉर्मन राजवटीत. मोजकीच नावे प्रचारात असल्याने गावोगाव एकाच नावाचे अनेकजण असत. मग यमक जुळवून हाकेची नावे पडत गेली. रिचर्डचा रिक आणि रिकचा डिक झाला, रॉबर्टचा रॉब आणि रॉबचा बॉब. पुढे डिक इतका बोकाळला की त्याचा अर्थच 'कुणीही सोम्यागोम्या' असा झाला. शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री'च्या पहिल्या भागात टॉम, डिक आणि फ्रान्सिस असे गुत्त्यातल्या साध्या पोऱ्यांचे त्रिकूट येते. 'कुणीही पुरुष' या अर्थावरून 'पुरुषाचे इंद्रिय' इथवर हा शब्द पोहोचला तो मात्र उशिरा, एकोणिसाव्या शतकात.

फॅनी हे फ्रान्सिस या स्त्रीनामाचे लाडके रूप. जेन ऑस्टिनने १८१४च्या 'मॅन्सफिल्ड पार्क'मध्ये नायिकेला हे नाव निःसंकोच दिले. त्याच शतकात ब्रिटिश बोलीत ते स्त्रीच्या गुप्तांगाला चिकटले. अमेरिकेत मात्र त्याचा अर्थ कुल्ले. म्हणूनच कमरेच्या पाऊचला अमेरिकन माणूस 'फॅनी पॅक' म्हणतो, तर ब्रिटिश 'बम बॅग'. स्पॅनिशमध्ये कॉन्सेप्सिओन या नावाचे लाडके रूप कोंचा; हाच शब्द अर्जेंटिनात अश्लील मानला जातो.

डी. एच. लॉरेन्सच्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर'मध्ये (१९२८) नायक-नायिका आपापल्या गुप्तांगांसाठी जॉन थॉमस आणि लेडी जेन ही नावे खुलेपणाने वापरतात. ही कादंबरी विक्रीला ठेवल्याबद्दल मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्यावर खटला भरला गेला, आणि १९६४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम केली.

आडोसा म्हणून घेतलेले नाव वापरून वापरून स्वतःच ओंगळ ठरते. मग नवा आडोसा शोधावा लागतो, आणि जुन्या नावाची निष्पाप माणसे उगाच चेष्टेचा विषय होतात. मराठीत 'कावळा शिवला', 'परसाकडे' अशा आडवाटा पुष्कळ आहेत; त्यांचा भार पक्ष्यावर नाहीतर जागेवर पडतो. पण आडवाट कुठलीही असो, लहान मुलाला नेमके कुठे दुखते किंवा कुणी कुठे हात लावला, हे तिच्यातून नीट सांगता येत नाही. म्हणूनच बालरोगतज्ज्ञ मुलांना शिश्न, योनी हे शब्द हात-पाय या शब्दांइतक्याच सहजपणे शिकवायला सांगतात. पालकांनी हा सल्ला जरूर मानावा.