जवाजाचे विद्यापीठ

व्यवस्थापनशास्त्र म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे टाय, वातानुकूलित कचेरी आणि लठ्ठ पगार उभा राहतो. अहमदाबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचे नाव तर या बाबतीत पहिल्याने निघते. त्याच संस्थेतले काही प्राध्यापक एकेकाळी राजस्थानातल्या एका दुष्काळी भागात जाऊन चर्मकारांच्या आणि विणकरांच्या अंगणात बसत होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी त्याचा ओझरता उल्लेख केला, तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

या प्रयोगामागचे गृहस्थ म्हणजे प्रा. रवि मथाई. ही संस्था १९६१ साली स्थापन झाली आणि १९६५ मध्ये मथाई तिचे पहिले पूर्णवेळ संचालक झाले. १९७२ मध्ये त्यांनी हे पद आपण होऊन सोडले आणि तिथेच साधे प्राध्यापक म्हणून ते राहिले. आपल्याकडे खुर्ची सोडणारा माणूस विरळा. सोडून त्याच संस्थेत दुसऱ्याच्या हाताखाली शिकवणारा त्याहून विरळा! असो. कारखान्यांसाठी तयार झालेली ही विद्या खेड्यातल्या अगदी गरीब माणसाच्या उपयोगी पडेल काय, हा प्रश्न घेऊन १९७५ साली ते जवाजाला गेले.

जवाजा हा त्या वेळच्या अजमेर जिल्ह्यातला एक विकास गट. सुमारे दोनशे गावे, ऐंशी हजारांच्या आसपास वस्ती, आणि पाऊस बेभरवशाचा. या भागात विकास करण्याजोगी साधनसंपत्तीच नाही, असे सरकारी मत होते. जमीन आणि पाणी मोजले तर ते खोटेही नव्हते. पण मथाईंनी मोजणीत माणसे धरली. त्यांच्या हातांत जे कसब होते, तेच त्यांनी भांडवल मानले. गावात कातडे कमावणारे, त्याच्या वस्तू करणारे लोक होते, विणकर होते. दोघेही गावकुसाबाहेरचे, आणि दोघांचाही माल घेणारा स्थानिक व्यापारी.

मग अहमदाबादचीच राष्ट्रीय डिझाइन संस्था मदतीला आली. अशोक चॅटर्जी तेव्हा तिचे प्रमुख होते. नवे आकार, नवे नमुने निघाले. चामड्याच्या पिशव्या, विणलेली जाजमे तयार होऊ लागली. इथवरची गोष्ट कोणत्याही हस्तकला केंद्रात घडू शकते. खरे संशोधन पुढेच आहे. कोणती वस्तू करायची, हे ठरवताना ती सुंदर दिसते की नाही एवढेच पाहिले नाही. ती दूरच्या बाजारात विकली जावी, म्हणजे गावातल्या व्यापाऱ्याच्या मुठीतून कारागीर सुटेल. तिची नक्कल सहजासहजी होऊ नये. आणि ती करताना एकाला दुसऱ्याची गरज लागावी, म्हणजे माणसे एकत्र राहतील. वस्तूच्या निवडीमागे इतका विचार असतो, हे मला तरी नवे होते.

त्यानंतरचे काम कंटाळवाणे आणि म्हणूनच अवघड: कच्चा माल कुठून आणावा, किंमत कशी काढावी, हिशोब कोणी लिहावा, बँकेत जाऊन साहेबापुढे कसे बोलावे. हे सारे प्राध्यापकांनी करून दिले असते, तर काम लवकर झाले असते आणि व्यापाऱ्याच्या जागी प्राध्यापक बसला असता. म्हणून शिकवणाऱ्याने हळूहळू आपली गरज संपवायची, असा या प्रयोगाचा दंडक होता. मथाईंनी याला ग्रामीण विद्यापीठ म्हटले. इमारत नाही, पदवी नाही. काम हाच वर्ग.

माझे वडील कोल्हापुरी चपला करतात. रापी आणि आरी त्यांच्या हातात अशी चालते, की पाहत राहावे. पण एका जोडाला खर्च किती आला, असे विचारले तर ते कातड्याची किंमत सांगतात आणि थांबतात. स्वतःची मजुरी त्यात नसते. आई रात्री दिव्याखाली पट्ट्याची वेणी घालते, तिचे तास तर कोणाच्याच वहीत नाहीत. किंमत ठरवतो व्यापारी, कारण त्याची उचल अंगावर असते. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ मध्ये इटलीतल्या एका फॅशन प्रदर्शनात तशीच चप्पल झळकली आणि वर्तमानपत्रांतून गदारोळ झाला. आमच्या उंबऱ्याशी मात्र तीच उचल आणि तोच भाव आहे. जवाजाचे प्राध्यापक ज्या गोष्टींवर वर्षानुवर्षे डोके फोडत होते त्या आमच्या घरात अजून तशाच पडून आहेत, म्हणून मला हे संशोधन पुस्तकी वाटत नाही.

यावर आमच्या सरांचा आक्षेप असा, की ऐंशी हजारांतली थोडीशी कुटुंबे सुधारली, याला विकास कसे म्हणावे? पाऊस तर वाढला नाही. आक्षेप खरा आहे. जवाजात चमत्कार झाला, असे म्हणू नये. पण साठ कुटुंबांना किंमत काढता आली आणि सहाशेंना अनुदान वाटले, यांत मी पहिल्याला अधिक गुण देईन. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी.) सरांना हे पटलेले नाही.

मथाई १९८४ साली वारले. जवाजावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक पुढच्या वर्षी मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढले. कारागिरांनी मात्र आपली संघटना उभी केली. ‘आर्टिझन्स अलायन्स ऑफ जवाजा’ हे तिचे नाव.

आमच्या महाविद्यालयाच्या कुंपणापलीकडे वाणिज्य महाविद्यालय आहे. तिथे खर्चलेखा हा विषय शिकवतात, उत्तम शिकवतात असे ऐकतो. एसटीने तासाभराच्या अंतरावर चपला करणारी आमची गावे आहेत. तिथल्या एखाद्या प्राध्यापकाने चार विद्यार्थी घेऊन एक रविवार आमच्याकडे यावे. वही आम्ही देऊ.