पुणे–नागपूर: विमान दीड तासाचं, प्रवास पाच तासांचा

समजा, तुम्ही पुण्यात हडपसरला घरगुती मसाले बनवता. नागपूरच्या इतवारीतला एक व्यापारी फोनवर म्हणतो, "एकदा समक्ष येऊन माल दाखवा." तुम्ही मोबाईल उघडता. विमानाला सव्वा ते दीड तास, बसला अख्खी रात्र. बोट आपोआप विमानाच्या तिकिटाकडे जातं. थांबा जरा.

पुणे ते नागपूर सरळ रेषेत साधारण 600 किलोमीटर आहे. रस्त्याने 700 च्या वर. रेल्वे तर दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घेते, म्हणून तिचं अंतर 900 च्या जवळ जातं. कागदावर विमान जिंकतं, यात वाद नाही.

पण तो दीड तास फक्त आकाशातला. हडपसरहून लोहगावला जायला ट्रॅफिक धरून एक तास. विमानतळावर दीड तास आधी पोहोचायचं, कारण काउंटर साधारण तासभर आधीच बंद होतो. उतरल्यावर बॅगेसाठी अर्धा तास. सोनेगावच्या विमानतळावरून इतवारीत पोहोचायला आणखी पाऊण तास. झाले की पाच तास!

आता खरी गोम बघा. बस संध्याकाळी निघते नि सकाळी पोहोचवते. म्हणजे विमानाने जे तास वाचले, ते बहुतेक रात्रीचे. त्या वेळी तुमचं युनिट तसंही बंदच असतं! कामाचा दिवस दोन्हीकडे एकच जातो. फक्त बसच्या दोन रात्री अंगावर येतात, हे मात्र खरं. पाठीचा त्रास असेल तर हा हिशोब बाजूला ठेवा.

पैशाचं गणित करू. दर रोज बदलतात, म्हणून आकडे समजुतीपुरते. विमानाने जाऊन-येऊन, टॅक्सीसकट 11,000 रुपये धरा. तुमचा नफा 20 टक्के असेल, तर नुसता हा खर्च भरून काढायला 55,000 ची ऑर्डर लागते. बसने तोच खर्च 3,500 झाला, तर 17,500 ची ऑर्डर पुरते. पहिली ऑर्डर वीस हजारांची असेल तर विमानाने गेलात की घरातून पैसे घालावे लागतील.

मग विमानाने कधी जायचं? एकाच दिवसात तीन-चार दुकानदार ठरले असतील तेव्हा. किंवा तुमच्याशिवाय युनिट दुसऱ्या दिवशी सुरूच होणार नसेल, आणि संध्याकाळचं परतीचं विमान मिळत असेल तेव्हा. व्यापाऱ्याची वेळ पक्की झाल्याशिवाय तिकीट काढू नका. स्वस्त तिकीट रद्द केलं की हातात फारसं काही परत येत नाही. जीएसटी नोंदणी असेल तर बुकिंग करतानाच नंबर टाका, म्हणजे इनपुट क्रेडिटचा मार्ग मोकळा राहतो.

आणि सॅम्पलचं एक. मिरची पूड हातातल्या बॅगेत ठेवू नका, चेक-इनच्या बॅगेत टाका. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र चेक-इनमध्येही चालत नाहीत, कारण त्यातल्या तेलामुळे पेट घेण्याचा धोका असतो. त्या दाखवायच्याच असतील तर चार दिवस आधी रस्त्याने पार्सल पाठवून द्या.