हॅम रेडिओवरून मराठी निरोप: संगणकात कोणता प्रोग्रॅम ठेवावा?

मागच्या वेळी आपण हॅम रेडिओच्या परवान्याबद्दल बोललो. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही केंद्र सरकारची परीक्षा देऊन तो मिळवता येतो. त्यानंतर गटांतून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. मुली परीक्षेची तयारी करताहेत, ग्रामसंघाच्या खोलीत जुना संगणक आहे, त्यावर लिनक्स आहे. मग रेडिओवरून लेखी निरोप पाठवायचा तर त्यात कोणता प्रोग्रॅम टाकायचा? एका काकूंनी त्याहून मुद्द्याचं विचारलं, "पण हे आपल्याले काय कामाचं?"

आधी काकूंचं उत्तर. जुलै २०२३ मध्ये आपल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पूर आला होता, ते कोणी विसरलेलं नाही. पुरात आधी वीज जाते, मग टॉवरची बॅटरी संपते आणि मोबाईल मुका होतो. हॅम रेडिओला टॉवर लागत नाही, गाडीच्या बॅटरीवरही तो चालतो. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ ला भूकंप झाला, तेव्हाही हॅम मंडळींनी निरोप पोचवण्याचं काम केलं. पण नुसत्या बोलण्यात एक अडचण आहे. खरखरीत 'सात' आणि 'साठ' सारखेच ऐकू येतात. जेवण सात माणसांचं पाठवायचं की साठ? औषधाच्या नावाचं तर विचारूच नका. म्हणून लेखी निरोप.

हा निरोप किराणा दुकानातल्या पुड्यांसारखा बांधून जातो. मोठ्या मजकुराचे छोटे तुकडे होतात, प्रत्येक पुडीवर पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं रेडिओ-नाव असतं. शेवटी एक हिशेबाचा आकडा असतो, आपल्या वसुलीच्या पानाखालच्या बेरजेसारखा. पलीकडे बेरीज जुळली नाही तर ती पुडी बाद, आणि जोडणी करून बोलत असू तर ती परत मागवली जाते. यालाच पॅकेट रेडिओ म्हणतात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी एक किलोच्या आतला 'स्वयम्' उपग्रह केला, तोही असेच निरोप इकडून घेऊन तिकडे पोचवण्यासाठी. २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही सी-३४ ने तो श्रीहरिकोटाहून वर गेला.

आता प्रोग्रॅमकडे. पुड्या बांधण्या-सोडण्याचं खरं काम एक प्रोग्रॅम मागे बसून करतो. 'डायरवुल्फ' हा त्यातला चांगला, आणि फुकट. तो अक्षरांचे आवाज करतो आणि आवाजांची अक्षरं. आपण जिथे टाइप करतो आणि वाचतो ती खिडकी वेगळी असते, तिला टर्मिनल म्हणतात. निवड फक्त या खिडकीची करायची आहे. खिडकी बदलली म्हणून निरोप लांब जात नाही; लांब जाणं अँटेनावर आणि जागेच्या उंचीवर असतं.

कोणाकडे जुनी पॅकेटची डबी, म्हणजे टीएनसी असेल, तर केबल लावून 'मिनिकॉम' पुरतो. 'लिनपॅक' जुना आणि भरपूर सोयींचा, पण तो लिनक्सच्या आतल्या व्यवस्थेवर चालतो आणि ती मांडणी मुख्य पासवर्डने आधी करावी लागते. शिकवणारी ताई तालुक्याला गेली की मुली अडतात. 'पॅराकॉन' हलका आहे, जुन्या संगणकावरही चालतो, मात्र सगळं काम कळफलकावर. 'क्यूटी-टर्म-टीसीपी' मध्ये माउसने चालणारी खिडकी आहे. हे शेवटचे दोन्ही डायरवुल्फला थेट जोडता येतात. पोर्ट विचारला तर ८००० लिहायचं. आमचं मत सांगतो: गटात तीन-चार जणी आळीपाळीने बसणार असतील तर क्यूटी-टर्म घ्यावा. पुराच्या रात्री आज्ञा आठवत बसायला वेळ नसतो.

पण हे मत पक्कं करण्याआधी एक परीक्षा घ्याच, ती मराठीची. संगणकात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन घरं अडवतं. काना, मात्रा, अनुस्वार सगळं वेगळं मोजलं जातं. 'संग्रामपूर' इंग्रजी अक्षरांत दहा घरांत मावतं, मराठीत त्याला तीस लागतात. एका पुडीत साधारण २५६ घरं, म्हणजे आपली ८५ चिन्हं. त्यात एखादं अक्षर दोन पुड्यांत तुटलं तर काही खिडक्यांत तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटतं. म्हणून ओळी आखूड लिहाव्यात. लिनक्सच्या नुसत्या काळ्या पडद्यावर तर देवनागरी दिसतच नाही, त्यामुळे पॅराकॉन असो की लिनपॅक, तो डेस्कटॉपवरच्या खिडकीत उघडावा. 'ज्ञानेश्वर', 'कृष्णाबाई' असे जोडाक्षरांचे शब्द पाठवून बघा. जी खिडकी ते धड दाखवेल, ती आपली.

आणि एक. या निरोपावर पडदा नसतो. हॅम रेडिओवर गुप्त भाषा चालत नाही, वाटेतला कोणीही वाचू शकतो. तेव्हा कोणाच्या घरातलं दुखणं, कोणाचं बाळंतपण, फोन नंबर यावर घालू नयेत. धंद्याचे निरोपही नियमात बसत नाहीत. गटाच्या पापडांची ऑर्डर मोबाईलवरच द्यायची.

परवाना येईपर्यंत मुलींनी हात बांधून बसायचं कारण नाही. दोन संगणक समोरासमोर ठेवा, दोन्हीत डायरवुल्फ आणि खिडकी घाला, एकाचा स्पीकर दुसऱ्याच्या माइककडे करा. रेडिओ नाही, म्हणून परवानाही नको. खोलीतला पंखा आणि टीव्ही तेवढा बंद ठेवा, आणि पहिला निरोप असा पाठवा ज्यात 'सात' आणि 'साठ' दोन्ही आहेत.