संदिग्ध शेवट : घटना आणि निवाडा

दूरचित्रवाणी मालिकेचा शेवट संदिग्ध ठेवला म्हणजे लेखकाने जबाबदारी टाळली, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तीत दोन भिन्न गोष्टींची गल्लत आहे : काय घडले हे अनिश्चित असणे, आणि जे घडले त्याचा निवाडा अनिश्चित असणे.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण रायगड किनाऱ्यावरील मांडव्याच्या नावाशी निगडित आहे. 'अग्निपथ' (१९९०) या हिंदी चित्रपटातील विजय चौहान वडिलांच्या हत्येस कारण झालेल्या खलनायकाला मारतो व मांडव्यातच आईच्या मांडीवर प्राण सोडतो. घटनेविषयी संशयाला जागा नाही. परंतु आईने अमान्य केलेला त्याचा मार्ग न्याय्य होता काय, हा प्रश्न शोकात बुडून जातो, सुटत नाही.

१० जून २००७ रोजी संपलेल्या 'द सोप्रानोज' या अमेरिकन मालिकेने घटनाच मध्ये तोडली. टोळीप्रमुख टोनी कुटुंबासह उपाहारगृहात बसला आहे. दार उघडते, तो मान वर करतो, आणि पडदा काळा होतो. कित्येकांना आपला संचच बिघडला असे वाटले, आणि ते स्वाभाविकही होते. तथापि ८६ भागांचे सार त्या क्षणात आहे : गोळी सुटो वा न सुटो, दार उघडले की या माणसाला मान वर करावीच लागणार.

आकड्यांच्या दडपणाखाली घाईने गुंडाळलेल्या दैनंदिन मालिकेतील सुटे धागे या कोटीत बसत नाहीत. मराठी प्रेक्षकाला खरा नमुना रंगभूमीवर मिळतो. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) मध्ये अभिरूप न्यायालय निकाल देऊन मोकळे होते. सामंत हिरवा कापडी पोपट जवळ ठेवतो. बेणारे मात्र पडूनच राहते. ती पुढे काय करील, हे नाटक सांगत नाही.